बेटांचं वय विचारा: हॉटस्पॉट आणि ज्वालामुखी बेटांच्या माळा

ज्वालामुखी बेटांच्या माळांबद्दल बरेच प्रश्न साठले होते. काही विद्यार्थ्यांचे, काही शिक्षकांचे, दोन-तीन नकाशे न्याहाळण्याचा छंद असलेल्यांचे. त्यातले निवडक प्रश्न आज घेतो. एक गोष्ट मात्र सगळ्या प्रश्नांत जाणवली. नकाशावर बेटांचा आकार आणि त्यांची ओळ सगळे पाहतात, पण त्यांचं वय फारसं कोणी विचारत नाही. या विषयाची सगळी गोम वयातच आहे, म्हणून उत्तरं देताना मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

प्रश्न: ज्वालामुखी भूपट्टांच्या कडांवर असतात असं आम्ही शिकलो. हवाई बेटं तर पॅसिफिक भूपट्टाच्या ऐन मध्यात आहेत. मग तिथे ज्वालामुखी कसे? त्यांच्याखाली लाव्हाचा समुद्र आहे का?

लाव्हाच्या समुद्रापासून सुरुवात करू, कारण ती कल्पना मनातून गेल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. भूकवचाच्या खाली सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे आणि ते घन आहे. हे आपल्याला भूकंपांमुळे कळलं. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या आरपार जातात.

घन असलं तरी प्रावरण अचल नाही. एवढ्या तापमानाला आणि दाबाला खडक फार सावकाश वाहतो, वर्षाला काही सेंटिमीटर. गाभ्याच्या सीमेजवळ काही ठिकाणी खडक जास्त तापतो, प्रसरण पावून थोडा हलका होतो आणि वर सरकू लागतो. वर चढणाऱ्या या तप्त स्तंभाला प्लूम म्हणतात, आणि तो जिथे पृष्ठभागाजवळ येतो त्या जागेला हॉटस्पॉट किंवा तप्तस्थळ. आजूबाजूच्या प्रावरणापेक्षा हा स्तंभ साधारण 100 ते 300 अंश सेल्सिअसने अधिक तापलेला असतो. जेसन मॉर्गन या अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञाने 1971 मध्ये ही कल्पना नीट मांडली.

आता खरा प्रश्न. घन खडक वर येतो, मग शिलारस कुठून आला? पुष्कळ पुस्तकांत ‘उष्णतेने खडक वितळतो’ एवढंच वाक्य असतं, आणि तिथेच गैरसमज रुजतो. वर येताना त्या खडकाला कोणी जास्त तापवत नाही. उलट तो किंचित थंडच होत असतो. बदलतो तो दाब. खोलवर प्रचंड दाबाखाली खडकाचा वितळणबिंदूही चढा असतो. खडक वर येतो तसा दाब उतरतो, वितळणबिंदू खाली येतो, आणि पृष्ठभागापासून शंभर-दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात पोहोचल्यावर खडक आहे त्याच उष्णतेवर थोडाथोडा वितळू लागतो. तोही पूर्ण नाही. खडकाचा लहानसा हिस्सा द्रव होतो आणि हलका असल्याने कणांमधल्या फटींतून वर झिरपत जातो. भूकवचात तो कोठीसारख्या पोकळ्यांत साठतो आणि तिथून उद्रेकाच्या रूपाने बाहेर येतो.

म्हणजे हवाईला भूपट्टाच्या कडेची गरजच नाही. उष्णतेचा पुरवठा पट्टाच्या कितीतरी खालून होतो आहे, आणि वरचा पट्ट कुठे संपतो याच्याशी त्याचा संबंध नाही. त्या पुरवठ्याची एक खूण समुद्रतळावरही दिसते. हवाईभोवतीचा तळ हजार किलोमीटरहून अधिक रुंदीच्या पट्ट्यात आसपासच्या तळापेक्षा सुमारे एक किलोमीटर उचललेला आहे.

प्रश्न: वर्गात मी मेणबत्तीवरून कागद सरकवून दाखवते. कागदावर डागांची ओळ उमटते. हे दृष्टान्त म्हणून बरोबर आहे ना? आणि मग बेटं सुटी सुटी का, सलग भिंत का नाही?

दाखवत राहा. मुख्य मुद्दा त्यातून बरोबर पोहोचतो: खालचा स्रोत जागेवर, वरचा पट्ट सरकता, आणि म्हणून एका टोकाला ताजा डाग तर दुसऱ्या टोकाला जुना. दोन ठिकाणी मात्र हा दृष्टान्त कमी पडतो. ज्योत कागद जाळते, प्लूम पट्टाला जाळत नाही. आणि ज्योत हातात स्थिर धरता येते, प्लूम तसा खिळलेला नसतो. त्याबद्दल पुढे एका वाचकाने नेमका प्रश्न विचारला आहे.

वयाचा हा क्रम शास्त्रज्ञांमध्ये सगळ्यात आधी ज्याच्या लक्षात आला तो जेम्स ड्वाइट डेना, अमेरिकी सरकारच्या 1838 ते 1842 च्या सागरी मोहिमेतला भूवैज्ञानिक. किरणोत्सारावरून खडकाचं वय काढण्याची पद्धत तेव्हा स्वप्नातही नव्हती. त्याने फक्त झीज पाहिली. आग्नेयेच्या हवाई बेटावर उतार सलग आणि कोवळे, तर वायव्येच्या कवाईवर दऱ्या खोल कापलेल्या, कडे झिजलेले. त्यावरून त्याने ओळखलं की वायव्येकडे जावं तसे ज्वालामुखी आधी विझलेले आहेत. कारण मात्र त्याने वेगळं दिलं. एका लांब भेगेवरचे ज्वालामुखी एकेक करून विझत गेले, असं त्याला वाटलं. तळच सरकतो ही कल्पना त्या काळी कोणाच्याच मनात येण्यासारखी नव्हती.

ती मांडली कॅनडाच्या जे. टुझो विल्सन यांनी, 1963 मध्ये. त्यांचा लेख आधी नाकारला गेला आणि शेवटी कॅनडातल्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. भूविज्ञानातल्या इतक्या महत्त्वाच्या लेखाला भौतिकशास्त्रवाल्यांनी जागा दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे खडकांची वयं मोजली गेली आणि क्रम पक्का झाला. हवाई बेटाचा पाण्यावरचा भाग जेमतेम दहा लाख वर्षांच्या आतला, कवाई सुमारे 50 लाख वर्षांचं, त्याच माळेत वायव्येला खूप दूर असलेलं मिडवे सुमारे 2.8 कोटी वर्षांचं.

तुमच्या विद्यार्थ्यांना एक गणित द्या. हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीपासून मिडवे साधारण 2,400 किलोमीटर दूर आहे. अंतराला वयाने भागा. वर्षाला साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास वेग निघेल. आज उपग्रहांच्या मदतीने पॅसिफिक भूपट्टाचा या भागातला वेग थेट मोजला जातो, आणि तो वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर भरतो. एकीकडे कोट्यवधी वर्षांचा खडक, दुसरीकडे गेल्या काही दशकांतली मोजणी, आणि दोन्हींचं उत्तर जुळतं. हॉटस्पॉटच्या कल्पनेवर माझा विश्वास बसण्याचं पहिलं कारण हेच जुळणं आहे.

बेटं सुटी का, याचं उत्तर शिलारसाच्या वाटेत आहे. एकदा वर येण्याची वाट तयार झाली की शिलारस बराच काळ तीच वापरतो. पट्टाबरोबर ज्वालामुखी दूर सरकला तरी काही काळ त्याला पुरवठा मिळत राहतो. अंतर फार वाढलं की जुनी वाट तुटते आणि स्रोताच्या अधिक जवळ नवी वाट फुटते. त्यामुळे पट्ट एका गतीने सरकत असूनही डोंगर टप्प्याटप्प्याने उभे राहतात. शिवाय ही बेटं सुटी दिसतात ती पाण्यामुळे. माउई, मोलोकाई, लानाई आणि काहोओलावे ही आज चार बेटं असली तरी एके काळी ती एकच मोठं बेट होती. तळ खचला, मधल्या खिंडी बुडाल्या. आणि सलग भिंत पाहायचीच असेल तर हिंदी महासागरातली नव्वद पूर्व रांग पाहा. ती कर्गेलेन हॉटस्पॉटची खूण मानली जाते आणि 90 अंश पूर्व रेखांशाला लागून सुमारे 5,000 किलोमीटर जवळपास सरळ गेली आहे.

प्रश्न: हवाईच्या लोकांना हे आधीच ठाऊक होतं असं ऐकलं. खरं आहे का?

पेले या अग्निदेवतेची कथा तुम्ही ऐकली असेल. समुद्राची देवता असलेली तिची बहीण तिचा पाठलाग करते. पेले कवाईवर घर करू पाहते, खड्डा खणते, पाणी शिरतं. मग ती ओआहूवर, मोलोकाईवर, माउईवर जाते, आणि शेवटी हवाई बेटावर किलाउएआच्या विवरात तिला ठाव मिळतो. बेटांचा हा क्रम भूविज्ञानाच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो. भूपट्ट सरकतात असं त्या लोकांना माहीत होतं, असा अर्थ यातून काढू नये. पण कुठला डोंगर जुना, कुठला तरुण, कुठे माती खोल आणि कुठे लाव्हा उघडा, हे पिढ्यान्‌पिढ्या निरखणाऱ्यांनी ते कथेत जपलं. डेनाने जे पाहिलं तेच त्यांनी त्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. निरीक्षणाचं हे श्रेय त्यांना मनापासून द्यायला हवं.

प्रश्न: जुनी बेटं नाहीशी होतात ती लाटांनी झिजून ना?

झीज होतेच, पण बेट नाहीसं करण्यात लाटांपेक्षा मोठा वाटा खचण्याचा असतो. हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

खचण्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे वजन. हवाई बेटावरचा माउना केआ समुद्रसपाटीपासून 4,207 मीटर उंच आहे, आणि समुद्रतळापासून मोजला तर नऊ किलोमीटरहून जास्त. एवढा ढीग दहा लाख वर्षांत एका जागी रचला गेला तर खालचा पट्ट वाकणारच. हवाई बेट आजही वर्षाला दोन-अडीच मिलिमीटर खाली जातं आहे. त्याच्या किनाऱ्याजवळ खोल पाण्यात जुने प्रवाळखडक पायऱ्यांसारखे बुडालेले सापडतात. प्रवाळाला उथळ, उजेडाचं पाणी लागतं, तेव्हा ते खडक वाढले त्या वेळी तिथे किनारा होता हे उघड आहे.

दुसरं कारण सावकाश पण शेवटपर्यंत काम करणारं आहे. प्लूमपासून दूर गेलेला समुद्रतळ थंड होतो, आकसतो, जड होतो आणि बसत जातो. त्याच्या पाठीवर असलेलं बेटही त्याच्याबरोबर खाली जातं. मधल्या काळात बेटाचं आयुष्य ठरावीक वळणांनी जातं. पाण्याखालचा उद्रेक, मग ढालीच्या आकाराचा प्रचंड डोंगर (त्याचा बहुतेक सगळा लाव्हा याच काळात बाहेर पडतो), मग मंदावलेले उद्रेक, मग झीज. कधी कधी दहा-वीस लाख वर्षांच्या शांततेनंतर छोटे उद्रेक पुन्हा होतात. होनोलुलुजवळचं डायमंड हेड हे विवर अशाच उशिराच्या उद्रेकातून तयार झालं.

डोंगर खाली जात असताना कडेचं प्रवाळ मात्र वर वाढत राहतं, कारण त्याला उजेड हवा असतो. मधला डोंगर बुडाला की उरतं ते प्रवाळाचं कडं आणि आत उथळ खाजण, म्हणजेच कंकणद्वीप. ही उपपत्ती चार्ल्स डार्विनची. विशेष म्हणजे एकही प्रवाळबेट पाहण्याआधी, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जमीन उचलली गेल्याच्या खुणा पाहताना, त्याला ती सुचली. जमीन एकीकडे वर येत असेल तर दुसरीकडे खाली जात असली पाहिजे, असा त्याचा तर्क. 1842 मध्ये त्याने ती ग्रंथरूपात मांडली. त्यानंतर शतकभर वाद झाला. शेवटी 1952 मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक कंकणद्वीपावर खोल छिद्र पाडण्यात आलं. उथळ पाण्यात वाढलेल्या चुनखडीचा थर संपता संपेना. सुमारे 1,400 मीटर खाली गेल्यावर बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, लागला. डार्विनने सांगितलेला बुडालेला ज्वालामुखी तिथे होता.

हवाई माळेत हीच गोष्ट ओळीने मांडलेली दिसते. आग्नेयेला उंच बेटं, मग काही उघडे सुळके, मग मिडवे आणि कुरे ही कंकणद्वीपं. कुरेच्या पुढे पाणी इतकं थंड होतं की प्रवाळाची वाढ खचण्याला पुरी पडत नाही, आणि बेट कायमचं बुडतं. त्या सीमेला डार्विनचंच नाव दिलेलं आहे. तिच्यापलीकडे आहेत ते पाण्याखालचे डोंगर, त्यातले कित्येक सपाट माथ्याचे. असे डोंगर पहिल्यांदा ओळखले हॅरी हेस यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते एका जहाजाचे अधिकारी होते आणि प्रवासात खोली मोजणारं यंत्र चालूच ठेवत. युद्धाच्या कामावर असताना त्यांनी समुद्रतळाचा अभ्यास केला. माथा सपाट झाला तो एके काळी लाटांच्या पातळीला होता म्हणून, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

प्रश्न: समुद्रतळाचा नकाशा पाहताना हवाईची माळ एका ठिकाणी झटकन उत्तरेकडे वळलेली दिसते. तिथे पॅसिफिक भूपट्टाने दिशा बदलली का?

नकाशा बारकाईने पाहिलात. ही माळ एकूण सुमारे 6,000 किलोमीटर लांब आहे. आधी वायव्येला जाते, मग वळून जवळपास सरळ उत्तरेला कामचात्काजवळच्या सागरी गर्तेपर्यंत पोहोचते. उत्तरेकडच्या तुकड्यातल्या बुडालेल्या पर्वतांना जपानच्या सम्राटांची नावं दिलेली आहेत: कोको, निन्तोकु, सुइको. सगळ्यात टोकाचा मेइजी 8 कोटी वर्षांहून जुना आहे. वळणाचं वय सुमारे 4.7 कोटी वर्षं.

कित्येक वर्षं उत्तर एकच होतं. हॉटस्पॉट स्थिर, म्हणजे वळण पट्टाचंच. हे उत्तर सुटसुटीत होतं आणि ते तपासण्याची पद्धतही उपलब्ध होती. लाव्हा थिजताना त्यातले चुंबकीय कण त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिर होतात. विषुववृत्तावर ती दिशा आडवी असते, ध्रुवाकडे जावं तशी ती जमिनीत अधिक तिरपी घुसते. 19 अंश अक्षांशावर कल सुमारे 35 अंश, 33 अंशांवर तो सुमारे 52 अंश. म्हणजे खडकातला कल मोजला की तो खडक कुठल्या अक्षांशावर थिजला हे कळतं. हॉटस्पॉट स्थिर असेल तर माळेतला प्रत्येक डोंगर आजच्या हवाईच्या, म्हणजे साधारण 19 अंशांच्या अक्षांशावर थिजलेला निघाला पाहिजे.

2001 मध्ये संशोधन-जहाजावरून सम्राट पर्वतांमध्ये छिद्रं पाडून नमुने आणले गेले. जॉन टार्डुनो आणि सहकाऱ्यांनी ते मोजले. सगळ्यात जुन्या नमुन्यांचा अक्षांश 30 अंशांच्या पुढे निघाला, आणि नवीन डोंगरांकडे येताना तो कमी होत गेला. याचा अर्थ, वळणाच्या आधीच्या काळात हॉटस्पॉट स्वतः दक्षिणेकडे सरकत होता, तोही वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने. प्रावरणातले प्रवाह वर चढणाऱ्या स्तंभाला वाकवू शकतात हे लक्षात घेतलं तर यात अशक्य काही नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पट्टाची गतीही त्या सुमारास बदलली, पण वळणाचा मोठा भाग हॉटस्पॉटचं सरकणं थांबण्याशी जोडलेला आहे. कोणाचा वाटा किती यावर अभ्यासकांत अजून चर्चा आहे. ‘हॉटस्पॉट स्थिर असतो’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून काढून तिथे ‘हॉटस्पॉट पट्टाच्या मानाने हळू सरकतो’ असं लिहावं, असं मला ठामपणे वाटतं. एवढ्या बदलाने विद्यार्थ्यांवरचा भार वाढत नाही आणि चूक मात्र टळते.

प्रश्न: जपान, इंडोनेशिया, अल्युशियन ही बेटंही माळेसारखीच आहेत. तीही हॉटस्पॉटची का?

नाहीत. ती द्वीपचापं आहेत. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो, खाली जाणाऱ्या पट्टातलं पाणी वरच्या प्रावरणात मिसळतं, पाण्यामुळे वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. ओळखायचं कसं? वय विचारा. द्वीपचापात या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्वालामुखी एकाच काळात जागे असतात आणि शेजारी खोल गर्ता असते. हॉटस्पॉटच्या माळेत वय एका दिशेने चढत जातं आणि जागं टोक साधारणपणे एकच असतं.

प्रश्न: दख्खनचा काळा पाषाण आणि रियुनियन बेट यांचं मूळ एकच आहे हे खरं का?

भक्कम पुरावा त्याच बाजूचा आहे. प्लूमचा माथा पहिल्यांदा पृष्ठभागाजवळ पोहोचतो तेव्हा तो फार मोठा आणि पसरट असतो, आणि भूवैज्ञानिक हिशेबात थोड्या काळात अफाट लाव्हा ओततो. माथा संपला की मागे उरतो अरुंद दांडा, आणि त्याच्यावरून पट्ट सरकताना बेटांची माळ घडते. दख्खनचे लाव्हाथर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांचा बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आसपास बाहेर पडला. आज ते जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर उरले आहेत. त्यांच्यातलं चुंबकत्व 1950 च्या दशकातच मोजलं गेलं, आणि हे खडक दक्षिण गोलार्धात थिजल्याचं त्यातून दिसलं.

तिथून दक्षिणेकडे निघा. लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी एक बुडालेली रांग जाते, आणि वरची बेटं म्हणजे तिच्या पाठीवर वाढलेलं प्रवाळ. 1987 मध्ये सागरी खोदकामात खालचा बेसाल्ट हाती लागला, तेव्हा वय दक्षिणेकडे उतरत गेल्याचं दिसलं: मालदीवजवळ सुमारे 5.7 कोटी वर्षं, चागोसजवळ सुमारे 4.9 कोटी. पुढे मात्र माळ तुटल्यासारखी दिसते. याचं कारण हिंदी महासागराची मध्यवर्ती रांग, म्हणजे दोन पट्ट जिथे एकमेकांपासून दूर जातात ती समुद्रतळावरची डोंगररांग. ती हॉटस्पॉटवरून सरकली आणि त्यानंतर लाव्हा भारतीय पट्टाऐवजी आफ्रिकी पट्टावर पडू लागला. त्यामुळे माळेचा नंतरचा भाग मस्कारीन पठारावर, मग 80-90 लाख वर्षांच्या मॉरिशसवर, आणि अखेर रियुनियनवर सापडतो. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेज हा जगातल्या सर्वाधिक वेळा जागणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक आहे. दोन वेगळ्या पट्टांवर विभागलेली ही माळ जुळवायला कोणाला आधी वाटलं नसतं. वयांनीच ती जुळवली.

प्रश्न: हॉटस्पॉटचे ज्वालामुखी शांत स्वभावाचे असतात का?

समुद्रातले बऱ्यापैकी. त्यांच्या बेसाल्टी शिलारसात सिलिका कमी असते, तो पातळ असतो, वायू सहज निसटतात. तरीही 2018 मध्ये किलाउएआच्या पूर्व उतारावरच्या भेगांनी सातशेहून अधिक घरं गिळली, आणि 1790 मध्ये त्याच ज्वालामुखीच्या स्फोटाने माणसंही मारली. खंडाखाली हॉटस्पॉट आला तर गोष्टच वेगळी. तिथे जाड भूकवच वितळून चिकट, वायूने भरलेला शिलारस होतो. यलोस्टोनचे 21 लाख, 13 लाख आणि 6.4 लाख वर्षांपूर्वीचे महास्फोट असे झाले.

प्रश्न: कॅनरी बेटांवर सगळीकडेच उद्रेक होतात असं वाचलं. मग तिथे हॉटस्पॉटचा नियम कसा लागू पडणार?

पूर्णपणे लागू पडत नाही, हेच खरं उत्तर. पूर्वेकडचं फुएर्तेव्हेंतुरा दोन कोटी वर्षांहून जुनं, पश्चिमेचं एल हिएरो सुमारे 11 लाख वर्षांचं, एवढा क्रम दिसतो. पण 2021 मध्ये पश्चिमेच्या ला पाल्मावर तीन महिने उद्रेक झाला, तसा 1730 ते 1736 या काळात पूर्वेच्या लान्सारोतेवरही झाला. एक कारण वेगाचं आहे. आफ्रिकी पट्ट वर्षाला दोनेक सेंटिमीटरच सरकतो, त्यामुळे जुनं बेट स्रोतापासून लवकर सुटत नाही. हॉटस्पॉटसमोर जवळपास थबकलेल्या पट्टावरची केप व्हर्द बेटं तर ओळीत नसून घोळक्याने आहेत.

याहून खोलवरची शंकाही काही अभ्यासक घेतात. सगळ्या हॉटस्पॉटखाली गाभ्यापर्यंत जाणारे प्लूम आहेत का? काही माळांना पट्टातल्या ताणामुळे पडलेल्या भेगा पुरेशा नाहीत का? ही शंका मला आदराने ऐकावीशी वाटते, कारण तिच्यामुळेच पुरावे शोधले गेले. भूकंपलहरींवरून काढलेल्या 2015 च्या प्रतिमांत हवाईसह अनेक हॉटस्पॉटखाली प्रावरणाच्या तळापर्यंत जाणारे रुंद तप्त स्तंभ दिसले. हवाईच्या लाव्हातलं हेलियम-3 चं (पृथ्वी घडतानाच आत अडकलेल्या वायूचं) प्रमाण मध्यसागरी रांगांच्या लाव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणजे तो खोल, फारसा न ढवळलेल्या साठ्यातून येतो. हवाई, रियुनियन, आइसलँड यांच्याबाबतीत मी प्लूमच्या बाजूने आहे. पण ‘हॉटस्पॉट’ असा शिक्का मारलेल्या चाळीस-पन्नास जागा सगळ्या एकाच प्रकारच्या असतील असं मी मानत नाही. पॅसिफिकमधल्या कुक आणि ऑस्ट्रल बेटांची वयं पाहिलीत तर सरळ क्रम लागतच नाही.

प्रश्न: हवाईचं पुढचं बेट कुठे आणि कधी?

कुठे, हे माहीत आहे. हवाई बेटाच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे 35 किलोमीटरवर कामाएहुआकानालोआ नावाचा समुद्राखालचा ज्वालामुखी आहे. 2021 पर्यंत त्याला लोइही म्हणत. तळापासून तो तीन किलोमीटरच्या आसपास उंच झाला आहे आणि माथा अजून साधारण 975 मीटर पाण्याखाली आहे. 1996 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथे चार हजारांहून अधिक भूकंप नोंदले गेले आणि माथ्याचा एक भाग खचून नवा खड्डा पडला. त्या खड्ड्याला पेलेचंच नाव दिलं आहे.

कधी, याचे अंदाज काही दहा हजार वर्षांपासून एक लाख वर्षांपर्यंत जातात, कारण वाढीचा वेग पुढे कसा राहील हे उद्रेकांवर अवलंबून आहे. तो स्वतंत्र बेट होईलच असंही नाही. त्याचा पायथा किलाउएआच्या उताराला आधीच भिडलेला आहे. दोघेही वाढत राहिले तर पाण्यावर येईपर्यंत मधली खिंड बुजेल, आणि तो हवाई बेटाचाच सहावा ज्वालामुखी ठरेल.